भाच्याची नोकरी अशी टिकली

शाळा सुटल्यावर भाचा घरीच होता. बौद्धिक दिव्यांगत्व आहे, पण हात अगदी नीटनेटका. पुण्यात शनिपाराजवळ एका बेकरीत पॅकिंगचं काम लागलं. तिथले काका एका दमात चार सूचना सांगायचे आणि हा गांगरायचा. मग मी प्रत्येक पायरीचे फोटो काढून, लॅमिनेट करून टेबलासमोर चिकटवले: पिशवी, नानकटाई, काटा, सील. काट्याच्या फोटोत २०० आकडा. तो जुळला की पुढची पायरी. काका आधी कुरकुरले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं किमान ४ टक्के आरक्षण सरकारी नोकऱ्यांपुरतं, खासगीत गोडीगुलाबीनंच घ्यावं लागतं! यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मात्र शाळेत असतानाच काढा. बसचा सराव रविवारी केला, गर्दी कमी असते. आता दिवाळीच्या फराळाच्या बॉक्ससाठी वेगळे फोटो काढायचेत.