ओढ्याचा विसर्ग तरंगकाने कसा मोजावा

भूरूपशास्त्राच्या क्षेत्रकार्यात ओढ्याचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहते ते मोजायला, प्रवाहमापक नसला तरी टेप, काठी, स्टॉपवॉच आणि तरंगक म्हणून एक संत्रे पुरते. संत्रे बहुतांश बुडून तरंगते, त्यामुळे वारा त्याला फारसा ढकलत नाही. थर्माकोलचा तुकडा मात्र हमखास फसवतो.

ओढ्याचा २० मीटरचा सरळ पट्टा निवडा. वळण, डोह, बंधारा जवळ नको. या काठापासून त्या काठापर्यंत आडवी टेप ताणून दर ५० सेंटिमीटरला खोली घ्या. काठी उभी धरा. प्रवाह जिकडून येतो त्या अंगाला तिच्यावर पाणी चढते, तो आकडा वाचलात तर खोली जास्त भरते; बाजूची पातळी वाचा. पट्ट्यात असे निदान तीन आडवे छेद घ्या, कारण दख्खनच्या बेसाल्टी तळावर दोन पावलांत खोली दुप्पट होऊ शकते.

संत्रे पट्ट्याच्या आरंभरेषेच्या दोन-तीन मीटर आधी, प्रवाहाच्या वरच्या बाजूला सोडा, म्हणजे रेषेपर्यंत ते पाण्याच्या वेगाला येते. मध्यात आणि दोन्ही काठांकडे मिळून दहा फेऱ्या घ्या. दगडात अडकलेली फेरी सरळ रद्द करा.

समजा रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर, २० मीटरला लागलेला सरासरी वेळ ४० सेकंद. छेदाचे क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर, पृष्ठवेग सेकंदाला ०.५ मीटर. तळाशी पाणी संथ असते, म्हणून वेगाला ०.८५ ने गुणा. उथळ, गोट्यांच्या ओढ्यात हा गुणक आणखी कमी धरावा. क्षेत्रफळाला या कमी केलेल्या वेगाने गुणले की विसर्ग येतो: इथे ०.८५ धरून सेकंदाला ०.५१ घनमीटर, म्हणजे ५१० लिटर.

पाणी गुडघ्यावर असेल किंवा अचानक गढूळ झाले, तर मोजणी सोडून लगेच काठावर या. अचानक गढूळ झालेले पाणी म्हणजे वर घाटात पाऊस झालेला असू शकतो.