टीव्हीवरच्या डिबेटला बसणार असाल तर आधी गप्प बसायची प्रॅक्टिस करा

इलेक्शन लागलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं लोकल केबलवाले, यूट्यूब चॅनलवाले सगळेच डिबेट घ्यायला लागतात आणि एरवी कट्ट्यावर कुणाला बोलू न देणारा गडी तिथं कॅमेऱ्यासमोर गेला की खांबासारखा बसतो. बरेचजण मुद्दे पाठ करून जातात, ठीक आहे, पण पाच जणांच्या तासाभराच्या डिबेटमध्ये तुमच्या वाट्याला येणार दहा-बारा मिनिटं. उरलेला वेळ दुसरा बोलतोय आणि बाजूच्या चौकटीत तुमचं तोंड दिसतंय. तयारी त्या वेळेची करायची.

१९९२ ला अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश निवडणुकीच्या रिचमंडच्या डिबेटमध्ये प्रेक्षकांतली बाई प्रश्न विचारत असताना घड्याळ बघत होते. २००० ला त्यांचा मुलगा धाकटे बुश बोलत असताना विरोधी उमेदवार अल गोर मोठ्यानं उसासे टाकत होते आणि माईकनं ते पकडले. दोघं त्या वेळी बोलत नव्हते बघा. तेवढ्यानंच हरले असं मी म्हणणार नाही, पण मुद्द्यांपेक्षा लोकांच्या डोक्यात हेच राहिलं.

आपल्याकडं आणखी एक भानगड आहे. समोरचा बोलत असला की हूं हूं करत मान हलवायची, म्हणजे ऐकतोय एवढंच. टीव्हीवर मात्र पटलंय असं दिसतं. त्यात सीमाभागातला अँकर अर्धं कन्नड अर्धं मराठी, लांबलचक प्रश्न कन्नडात सुरू झाला, तुम्ही सवयीनं मान हलवत बसलात आणि शेवटी कळलं की तो प्रश्न नव्हताच, टेंडरमध्ये पैसे खाल्ल्याचा आरोप होता, आणि तुम्ही त्याला हो हो करताय! क्लिप तेवढीच कापून रात्रीपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरते. म्हणून मान सरळ ठेवा, वाक्य संपू दे. नाही कळलं तर 'इन्नोम्मे हेळ्री', म्हणजे परत एकदा सांगा, म्हणा की, त्यात कसली लाज.

घरी प्रॅक्टिस अशी: मोबाईल स्टँडवर लावा, एखाद्या खडूस मित्राला समोर बसवून पाच मिनिटं तुमच्यावर आरोप करायला सांगा, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. मग आवाज बंद करून व्हिडिओ बघा. ओठ कुठं वाकडा होतो, पाय कधी हलायला लागतो, सगळं दिसतंय मर्दा.

कपड्यांचं थोडक्यात. कडक पांढरा शर्ट लाईटखाली चमकतो आणि चेहरा काळवंडतो, त्यापेक्षा फिकट निळा बरा. बारीक रेघांचा तर नकोच, स्क्रीनवर तो नाचतो. १९६० च्या अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या डिबेटला निक्सनचा फिकट करडा सूट मागच्या भिंतीत मिसळून गेला, वर आजारातून उठलेला चेहरा आणि घाम, शेजारी केनेडी गडद सुटात. तेव्हा रुमाल जवळ ठेवा, पण कॅमेरा आपल्यावर नाही असं समजून तोंड पुसू नका. शेतकरी संघटनेची हिरवी शाल घालून जाणाऱ्यांनी आधी विचारून घ्या, मागं हिरवा पडदा असला तर कॉम्प्युटर हिरव्या रंगाच्या जागी दुसरं चित्र टाकतो, मग शाल गायब आणि छातीवर बेळगावचं सुवर्ण विधानसौध! शाल कुठलीही असो, कॉलरच्या माईकवर घासली की नुसता खर्रर्र आवाज येतो, ती खांद्यामागं पिन करून टाका.

नजर कुठं? स्टुडिओत असाल तर बोलणाऱ्याकडं, घरून मोबाईलवर जोडले असाल तर स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडं नाही, वरच्या कॅमेऱ्याच्या भोकाकडं. खुर्ची फिरणारी दिली तर साधी मागून घ्या, देतात.

आणि डिबेट संपली म्हणून लगेच शेजाऱ्याला 'कसा धुतला त्याला' म्हणू नका. २०१० ला ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन प्रचारात एका बाईशी गोड बोलून गाडीत बसले आणि तिला नावं ठेवली, चॅनलचा माईक कोटालाच होता, सगळ्या देशानं ऐकलं. स्टुडिओतला पोरगा येऊन कॉलरचा माईक काढून नेईपर्यंत हवापाण्याचं बोला.