क्रिप्टोतला नफा काढताना या चुका टाळा

2021 ची भाऊबीज. ताईकडे पानावर बसलो होतो आणि मांडीवर मोबाइल. डिसेंबर 2020 मध्ये 60 हजार रुपयांचं बिटकॉइन घेतलं होतं, त्याचे दीड लाखाच्या वर झाले होते. भावजी म्हणाले, "अर्धं तरी काढून घे." मी म्हटलं, दोन लाख होऊ देत. चारच दिवसांनी एका बिटकॉइनच्या भावाने 69 हजार डॉलरच्या आसपास उच्चांक गाठला आणि पुढच्या नोव्हेंबरात तो 16 हजार डॉलरच्या खाली आला. माझे दोन लाख काही झाले नाहीत, चाळीसेक हजार उरले.

विकायचा भाव नुसता डोक्यात ठेवला, ही चूक. डोक्यातला आकडा भावाबरोबर वर सरकत राहतो. घेतानाच वहीत लिहा: कितीला किती हिस्सा विकणार आणि किती खाली आलं की बाहेर पडणार. वरच्या भावाची लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप विक्री करणारी ऑर्डर, तेव्हाच लावून टाका. इथे शेअर बाजारासारखं साडेतीनला दुकान बंद होत नाही. रात्री दोनला जागून विकणारा बहुधा घाबरूनच विकतो.

आता करांचं. भल्याभल्यांचा हिशोब इथे चुकतो. 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के. लाखाचे दोन लाख झाले आणि "मुद्दल काढून घेतो" म्हणून निम्मं विकलं, तर त्यातला 50 हजार नफा; कर 15,600. हातात राहतात 84,400. मुद्दल खरंच सुटायला हवी असेल तर साधारण 1 लाख 18 हजार 500 रुपयांचं विकावं लागतं. विकताना 1 टक्का टीडीएस कापला जातो, तो मात्र रिटर्न भरताना वळता होतो.

याहून जाचक नियम तोट्याचा. एका कॉइनमध्ये 1 लाख कमावले, दुसऱ्यात 80 हजार घालवले, तरी कर पूर्ण लाखावर: 31,200. म्हणजे 20 हजार कमावल्याच्या आनंदात खिशातून 11,200 गेले! हा तोटा पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. "बुडीत कॉइन विकून कर वाचवू" हा शेअरवाल्यांचा सल्ला इथे निरुपयोगी. आणि बिटकॉइन देऊन यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) घेतलं तरी ती कायद्याने विक्रीच, रुपया हातात आला नसला तरी.

छोट्या कॉइनचा स्क्रीनवरचा भाव सगळ्या मालाला मिळत नाही. आधी ऑर्डर बुक (कोण कितीला घ्यायला-विकायला तयार आहे त्याची यादी) उघडून खरेदीदार किती आहेत ते बघा.

विकल्यावर पैसे एक्स्चेंजवरच, म्हणजे जिथे क्रिप्टोची खरेदी-विक्री करता त्या ॲपवरच, पडू देऊ नका. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स हे भारतातलं एक्स्चेंज हॅक होऊन सुमारे 23 कोटी डॉलरची क्रिप्टो गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकले. खातं उघडल्याच्या पहिल्याच महिन्यात हजारभर रुपये बँकेत काढून बघा. केवायसीतलं नाव आणि पासबुकातलं नाव जुळत नाही, हे भाव चढलेल्या दिवशी कळलं, तर हातात फक्त तक्रार क्रमांक उरतो.