धारेला बसण्याआधी: गोठ्यात नव्यानं येणाऱ्यांसाठी

मोहोळ तालुक्यात आमच्या वस्तीवर मी गोठा सुरू केला तेव्हा दावणीला दोन संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाया आणि एक पंढरपुरी म्हैस होती. दुग्धव्यवसायाचं शिक्षण नुकतंच संपलेलं, वहीत खाद्याचे तक्ते तयार. मात्र कासेत दूध कसं तयार होतं, हा धडा मी परीक्षेपुरताच पाठ केला होता. पहिल्या वर्षी जे नुकसान सोसलं, त्यातलं बरंचसं त्यामुळंच. आता नवी पोरं येतात, शेडची लांबी-रुंदी विचारतात, मशीन कुठलं घेऊ विचारतात. मी त्यांना आधी कासेपाशी बसवतो.

म्हशीचं रेडकू पंधराव्या दिवशी दगावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कास तट्ट भरलेली, पण सडातून धार येईना. मी पंधरा मिनिटं ओढत राहिलो. पेलाभर दूध निघालं. आई म्हणाली, "चोरतीय ती. आंबोण ठेव पुढं आणि बाजूला हो." तिनं कोमट पाण्यानं कास धुतली, तोंडानं काहीबाही पुटपुटत सडांवरून हात फिरवत राहिली. दोनेक मिनिटांत सड फुगले आणि बादलीत धार वाजायला लागली.

त्या दोन मिनिटांत काय झालं ते नीट समजून घ्या, गोठ्यातली निम्मी कामं त्यावर चालतात. कासेच्या आत द्राक्षाच्या घडासारखे अतिसूक्ष्म कोष असतात आणि बहुतेक दूध तिथंच अडकून असतं. वासरानं ढुशी दिली किंवा हातानं कास चोळली की मेंदूला खबर जाते, पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि कोषांभोवतीच्या पेशी आवळून दूध खाली ढकलतात. याला आपण पान्हा म्हणतो. गाईत तो मिनिटभरात येतो आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटंच राहतो, म्हणून कास धुतल्यावर फोनवर बोलत बसायचं नाही. जनावर बिथरलं, कुणी काठी मारली, तर ॲड्रेनालिन सुटतं आणि पान्हा अडतो. गाईच्या कासेत खालच्या पोकळीत साधारण पाचवा हिस्सा दूध आधीच उतरलेलं असतं. म्हशीत ते फारच थोडं. त्यामुळं म्हैस चोरली की बादली रिकामी.

तेव्हा मला एकानं पान्हा आणायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सुचवलं होतं. घेऊ नका. जनावराला अपाय करून दूध वाढवणारी इंजेक्शनं १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहेत, आणि एकदा सवय लागली की म्हैस सुईशिवाय पान्हवत नाही. आमची म्हैस आईच्या हाताला आठवड्यात रुळली.

दुसरी चूक खाद्यातली. दूध वाढावं म्हणून मी गोळी पेंड आणि मक्याचा भरडा वाढवला, कडबा निम्म्यावर आणला. दूध थोडं वाढलं, पण डेअरीवर फॅट ३.९ वरून ३.१ वर आली आणि दर पडला. मी संकलन केंद्रावरच्या पोराशी वाद घातला, मशीन खराब म्हणालो. मशीन बरोबर होतं. गाईचं रवंथ कमी झालं होतं, शेण पातळ पडत होतं. ते मी पाहिलंच नव्हतं.

कासेत दूध बनतं ते रक्तातून, आणि एका लिटरसाठी चारशे-पाचशे लिटर रक्त कासेतून फिरावं लागतं. दुधातली साखर, लॅक्टोज, ग्लुकोजपासून बनते आणि तीच पाणी ओढून घेते. दूध किती निघणार ते मुख्यतः तिच्यावर ठरतं. गाईला ग्लुकोज खाद्यातून थेट फारसं मिळत नाही. धान्य पोटात आंबून प्रोपिओनिक आम्ल तयार होतं आणि त्यातून यकृत ग्लुकोज बनवतं. कडब्यासारखी तंतुमय वैरण आंबून ॲसिटिक आम्ल मिळतं, ते फॅटला लागतं. मी कडबा तोडला म्हणजे फॅटचा कच्चा मालच तोडला. मालदांडी ज्वारीच्या कडब्याची कुट्टी पुन्हा पूर्ववत केली, फॅट हळूहळू सावरली.

सस्तन प्राण्यांत या एका कारागिरीची किती रूपं आहेत! प्लॅटिपसला सडच नाहीत, दूध कातडीतून पाझरतं. कांगारू एकाच वेळी दोन वयांच्या पिलांना दोन सडांतून वेगवेगळं दूध देते. एका जातीचे सील पिलाला जेमतेम चार दिवस पाजतात, पण त्या दुधात साठ टक्के चरबी. हे वाचल्यापासून मला आमची गायही नव्यानं दिसायला लागली.

धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं. लगेच वैरण टाका, म्हणजे जनावर उभं राहील. बसलं की शेणातले जंतू आत शिरतात आणि दगडी, म्हणजे कासदाह, होते. चारही सडांचे कप्पे स्वतंत्र असतात, त्यामुळं वेळीच लक्षात आलं तर बाकीचे तीन वाचतात.

व्यायच्या साठेक दिवस आधी गाय आटवा, दुधाचा मोह सोडा. त्या काळात कासेतल्या जुन्या पेशी जाऊन नव्या येतात.

आणि चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून प्रतिपिंडं मिळतात, वासराला मिळत नाहीत. त्याचं सगळं संरक्षण चिकात असतं आणि ते शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासागणिक कमी होते. पहिल्या दोन तासांत पोटभर पाजा. परवा आमची कालवड रात्री अकराला व्याली. सकाळी सहाला शेजारच्या काकू खरवसासाठी डबा घेऊन हजर. त्यांना चहा दिला आणि म्हटलं, काकू, उद्या या.