बागेची जागा बिल्डरकडे जाऊ लागली तर काय करायचं: सोलापूरकरांसाठी

बाग वाचवायची म्हटलं की आधी मोर्चाची तयारी सुरू होते. मोर्चा काढाच, पण त्याआधी कागद हातात असू द्या. बागा जातात त्या बहुतेक वेळा कुणाचंच लक्ष नसताना उलटून गेलेल्या एखाद्या मुदतीमुळे.

पहिलं काम म्हणजे जागा नेमकी कोणत्या प्रकारची आहे ते शोधणं. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक घ्या. सिटी सर्व्हे झालेला नसेल तर सातबारा घ्या. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून त्या गटाचा विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला मागा. कॉलनी असेल तर मंजूर लेआउटची प्रतही लागेल. एवढ्यावरून पुढची दिशा ठरते.

जागा मंजूर लेआउटमधली ओपन स्पेस (सगळ्या प्लॉटधारकांसाठी मोकळी सोडलेली जागा) असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. जुळे सोलापूर, शेळगी, बाळे अशा 1992 च्या हद्दवाढीतल्या भागात हीच प्रकरणं जास्त दिसतात. उताऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव असतं आणि वर्षांनी त्याचे वारस 'सुधारित लेआउट' घेऊन येतात. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार मंजूर लेआउटमधली ओपन स्पेस रद्द किंवा कमी करता येत नाही. लेआउट बदलताना ती हलवायची असेल तर क्षेत्र घटता कामा नये आणि प्लॉटधारकांची संमती लागते. म्हणून सोसायटीतल्या प्रत्येकाला बजावून ठेवा: कोऱ्या संमतीपत्रावर सही नाही. गुंठेवारीच्या (शेतजमिनीचे बिनपरवाना तुकडे पाडून उभ्या राहिलेल्या) वस्तीत मात्र आधी खात्री करा. तिथे मंजूर लेआउटच नसेल, तर सगळे ज्याला 'बागेची जागा' म्हणतात ती कागदावर साधा प्लॉट असू शकते.

जागा महापालिकेच्याच नावावर असेल तर ती विकायला किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायला सभेचा ठराव लागतो. ठराव झालाच, तर तो विखंडित (रद्द) करावा म्हणून महापालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली शासनाकडे अर्ज करता येतो.

सगळ्यात घात होतो तो खासगी जमिनीवरच्या आरक्षणात, म्हणजे विकास योजनेत बागेसाठी राखलेल्या पण अजून मालकाच्याच असलेल्या जमिनीत. विकास योजना लागू होऊन 10 वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 127 खाली मालक खरेदी सूचना (जमीन घ्या, नाहीतर आरक्षण सोडा अशी नोटीस) देतो. तिथून 24 महिन्यांत महापालिकेने संपादनाचं ठोस पाऊल उचललं नाही तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि मग तिथे इमारत बांधणं कायदेशीर ठरतं. नुसता ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र म्हणजे पाऊल नव्हे. 2007 च्या गिरनार ट्रेडर्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने संपादनाची घोषणाच प्रसिद्ध व्हायला हवी असं म्हटलं आहे. ही सूचना लोकांना कुणी कळवत नाही. ती आवक विभागातून फाइलला लागते आणि 24 महिने चालू होतात. ती शोधायला माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, अर्जात एकच विषय ठेवा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत बसवा. असा:

'सर्व्हे क्र. __, आरक्षण क्र. __ बाबत कलम 49 किंवा 127 अन्वये प्राप्त खरेदी सूचनेची आवक दिनांकासह प्रत, त्यावरील संपूर्ण टिप्पणी आणि भूसंपादन प्रस्तावाची प्रत मिळावी.'

30 दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील करा. सूचना आलेली निघाली तर राहिलेले महिने मोजा आणि सगळा जोर संपादनाचा प्रस्ताव पुढे सरकवण्यावर लावा. 'पैसे नाहीत' हे उत्तर येणारच. त्यावर टीडीआरचा (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काचा) पर्याय लेखी मागा: मालक तयार असेल तर रोख न देताही जागा ताब्यात घेता येते.

महापालिकेला किंवा शासनाला आरक्षण बदलायचं असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते. हरकतीला एक महिना मिळतो आणि त्यात सुट्ट्याही मोजल्या जातात. सूचना गड्ड्याच्या यात्रेत आली तर निम्मा महिना हातोहात जातो, म्हणून वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा रोज वाचायची जबाबदारी एकावर टाका. हरकत सूचनेत नाव असलेल्या अधिकाऱ्याकडेच द्या; शासनाने स्वतः काढलेल्या सूचनेत तो पुण्याचाही असू शकतो. पाचशे सह्यांचं एक निवेदन ही बहुधा एकच हरकत धरली जाते. त्यापेक्षा पन्नास जणांनी आपापलं पत्र द्यावं, म्हणजे सुनावणीची नोटीस पन्नास घरांत येते. प्रत्येक पत्रात पूर्ण पत्ता, आरक्षण क्रमांक आणि 'सुनावणीची संधी द्यावी' हे वाक्य हवं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कायद्याचा आधार म्हणून बंगळूर मेडिकल ट्रस्ट (1991) या निकालाचा उल्लेख करा. बागेची जागा खासगी नर्सिंग होमला देणं सर्वोच्च न्यायालयाने त्यात रद्द ठरवलं होतं.

सोबत पुरावा जोडा. झाडांना क्रमांक देऊन छातीच्या उंचीवरचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि फोटो काढा. 50 वर्षांवरचं कडुनिंब किंवा पिंपळ असेल तर 'हेरिटेज वृक्ष' म्हणून वेगळं दाखवा.

लोक जमवताना त्या भागात पाणी कधी येणार ते आधी बघा. पाण्याच्या दिवशी घरातलं कुणी हलत नाही. पूर्व भागात पत्रकाची मागची बाजू तेलुगूत छापा. कुठे कन्नड, कुठे उर्दू लागेल. उन्हाळ्यात सह्या सकाळी आठच्या आत.

जेसीबी दारात आला तर आडवे होऊ नका. गुन्हे तुमच्यावर दाखल होतात आणि बागेचा विषय मागे पडतो. परवान्याची प्रत मागा, चित्रीकरण करा आणि झोन कार्यालयात नगररचना अधिनियमाच्या कलम 53 खाली (बेकायदा बांधकामावर) कारवाईची लेखी मागणी द्या. समोरचा दिवाणी न्यायालयात जाईल असं वाटलं तर आधीच कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) दाखल करा. ते 90 दिवस चालतं. उच्च न्यायालयाची वेळ आली तर सोलापूरची प्रकरणं ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. मुंबईच्या खर्चाची धास्ती आता नको.

एक मोह कळकळीने टाळा: जागा वाचवायला तिथे छोटं मंदिर किंवा दर्गा उभारण्याचा. सार्वजनिक जागेवर नवं प्रार्थनास्थळ बांधायला सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच मनाई केली आहे. मग अतिक्रमण तुमचंच ठरतं आणि बिल्डरचा वकील तेवढंच दाखवतो.

निकाल बाजूने लागला की ताबापावती झाली का आणि उताऱ्यावर महापालिकेचं नाव लागलं का, ते पाहा. फेरफार मंजूर होऊन नवा उतारा हातात पडेपर्यंत समिती मोडू नका.