घर स्वयंचलित करताना सुरुवात स्विचबोर्डापासून

घरातील दिवे, पंखे आणि गीझर स्वयंचलित करायचे ठरले की कोणते ॲप घ्यावे, याचीच चर्चा आधी सुरू होते. ठाण्यात नौपाड्यातील माझ्या जुन्या घरी हे काम केल्यावर आणि नंतर नेरुळला बहिणीच्या घरी तेच करून दिल्यावर माझे मत पक्के झाले आहे, की सुरुवात भिंतीतल्या वायरपासून करावी आणि सारे काम झाल्यावरही भिंतीवरचे बटण पूर्वीसारखेच चालावे. घरातल्या वृद्ध आईला दिवा लावण्यासाठी फोन शोधावा लागत असेल, तर ती सोय म्हणता येणार नाही. त्यामुळे बल्ब बदलण्याऐवजी बटणामागे बसणारे छोटे रिले मॉड्यूल (फोनच्या हुकमावर वीज जोडणारा-तोडणारा स्विच) घ्यावे, कारण ‘स्मार्ट’ बल्बचे बटण कोणी सवयीने बंद केले की बल्बची वीजच तुटते आणि मग त्याला फोनवरून कितीही हुकूम दिले तरी तो लागत नाही.

मॉड्यूलला स्वतः चालू राहण्यासाठी फेजबरोबर (वीज आणणाऱ्या वायरबरोबर) न्यूट्रलही (वीज परत नेणारी वायर) लागतो, आणि जुन्या वायरिंगमध्ये खरी अडचण येथेच येते. आपल्याकडे फेज स्विचपर्यंत येतो आणि न्यूट्रल परस्पर दिव्याकडे जातो, म्हणून नुसतीच बटणे असलेल्या बोर्डात, उदाहरणार्थ बाथरूमबाहेरच्या किंवा जिन्यातल्या टू-वे स्विचच्या बोर्डात, न्यूट्रल बहुधा सापडत नाही. ज्या बोर्डात प्लग पॉइंट आहे तेथे मात्र तो असतो, कारण सॉकेटला त्याची गरज असतेच. मुख्य एमसीबी (प्रवाह वाढला की वीज तोडणारा स्विच) खाली पाडावा, टेस्टरने खात्री करावी आणि मगच बोर्ड उघडून पाहावे. जोडणीचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

नेरुळला हॉलच्या बोर्डामागे दोन काळ्या वायर निघाल्या. त्यांतली एक हॉलच्या सर्किटची होती आणि दुसरी बेडरूमच्या बोर्डाकडे जाणारी. जी हाताला लवकर आली ती जोडून टाकण्याचा मोह होतो, पण न्यूट्रल दुसऱ्या सर्किटकडून कधीही उसना घेऊ नये. फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा झाला, तर एका सर्किटचा एमसीबी पाडूनही त्या न्यूट्रलमधून दुसऱ्याचा प्रवाह वाहत राहतो आणि पुढे कधी काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते; शिवाय दोन्ही सर्किटांना स्वतंत्र आरसीसीबी (जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत फरक दिसला की वीज तोडणारे संरक्षक स्विच) असतील, तर ३० मिलिअँपिअरचा फरक दिसताच ते ट्रिप होऊ लागतात. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलही मिळतात, परंतु ती दिव्यातूनच थोडासा प्रवाह सोडतात. त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणत राहतो आणि त्याच्याजवळ हा थोडासा प्रवाह वळवणारा बायपास कपॅसिटर जोडावा लागतो.

गीझरच्या बाबतीत हिशेब करूनच पुढे जावे. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो आणि ३,००० वॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर, म्हणून १० अँपिअरचे दिव्यांसाठीचे मॉड्यूल त्याला लावू नये. १६ अँपिअरचे घ्यावे, किंवा मॉड्यूलने कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा विजेवर चालणारा स्विच) चालवावा आणि गीझरचा भार कॉन्टॅक्टरवर ठेवावा. गीझर २० मिनिटांनी आपोआप बंद होईल, एवढा एकच नियम लावला तरी खर्चाचे चीज होते. इस्त्री मात्र या व्यवस्थेत आणूच नये, कारण समोर माणूस नसताना ती सुरू होणे धोक्याचे आहे. पंख्यासाठी रेग्युलेटरची सोय असलेले, कपॅसिटरवर चालणारे मॉड्यूल निवडावे. दिव्याचा डिमर लावल्यास पंखा घुमतो आणि तापतो. पंखा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मोटरचा) असेल तर त्याला कोणताही रेग्युलेटर लावू नये, त्याचा वेग रिमोटच्या संदेशानेच बदलावा. एसीसाठी इन्फ्रारेड ब्लास्टर (रिमोटसारखेच संदेश पाठवणारे छोटे उपकरण) पुरतो, मात्र त्याचा किरण भिंतीपलीकडे जात नाही आणि बहुतेक एसी उलट उत्तर देत नाहीत, त्यामुळे कोणी हातातला रिमोट वापरला की ॲपमध्ये दिसणारी स्थिती चुकीची ठरते.

यानंतर केंद्राचा, म्हणजे सगळी साधने आणि नियम सांभाळणाऱ्या संगणकाचा, विचार करावा. मी २०१३ पासून विकसित होत असलेली ‘होम असिस्टंट’ ही मुक्तस्रोत प्रणाली छोट्या रास्पबेरी पाय संगणकावर चालवतो, कारण इंटरनेट बंद पडले तरी घरातले नियम घरातच चालतात. नवीन साधने घेताना ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘मॅटर’ या वेगवेगळ्या कंपन्यांची साधने एकत्र चालावीत म्हणून केलेल्या मानकाची खूण पाहावी, म्हणजे एकाच कंपनीत अडकून पडावे लागत नाही. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींमध्ये शेजाऱ्यांचे वायफाय इतके दाटलेले असते, की झिगबी या छोट्या साधनांच्या बिनतारी जाळ्यावरील साधनांचा संपर्क मधूनमधून तुटतो. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच चालत असल्याने आपले वायफाय १, ६ किंवा ११ या चॅनेलवर ठेवावे आणि झिगबीसाठी १५, २० किंवा २५ निवडून पाहावे.

नियम थोडेच करावेत. मला सर्वांत प्रिय आहे तो दिवेलागणीचा नियम. ठाण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी सव्वासातनंतर, म्हणून घड्याळाची ठरावीक वेळ देण्याऐवजी ‘सूर्यास्तापूर्वी १५ मिनिटे’ असा नियम द्यावा. वर्षभर देवघराजवळचा दिवा वेळेवर लागतो आणि कोणाला काही बदलावे लागत नाही.

एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी तपासावी. आमच्याकडे पावसाळ्यात एकदा रात्री वीज गेली आणि पहाटे तीन वाजता परत आली, तेव्हा घरातला प्रत्येक दिवा एकाच वेळी लागला आणि आई दचकून उठून बसली. वीज परतल्यावर दिवे आपोआप सुरू करण्याची सेटिंग मॉड्यूलमध्ये तशीच राहिली होती. दिव्यांसाठी ती ‘पूर्वस्थिती’ आणि गीझरसाठी ‘बंद’ अशी करावी. राउटर व रास्पबेरी पाय छोट्या यूपीएसवर ठेवावेत, कारण अचानक वीज गेल्याने मेमरी कार्ड खराब होऊ शकते.

शेवटी एमसीबी बॉक्सच्या दाराला आतून एक कागद चिकटवावा. कोणते मॉड्यूल कोणत्या बोर्डामागे आहे, ते कोणत्या एमसीबीवर आहे आणि ते काढून साधा स्विच पुन्हा कसा जोडायचा, हे त्यावर स्वच्छ मराठीत लिहावे, म्हणजे आपण गावी असताना बोलावलेल्या वायरमनलाही तो वाचून काम करता येईल.