जुनी निकॉर एफईवर कशी बसवली

१९७७ पूर्वीची ५० मिमी निकॉर (निकॉनची लेन्स) माझ्या निकॉन एफई या फिल्म कॅमेऱ्यावर बसेना. माउंट (लेन्स अडकवायची खाच) तोच, १९५९ पासूनचा एफ. तरी फिरवताना लेन्स अडायची. जोर लावला नाही हे फार बरं झालं. माउंटच्या कडेला एक छोटी पट्टी असते. एआय, म्हणजे १९७७ पासूनच्या लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगवरचा (लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या कड्यावरचा) कंगोरा तिला ढकलतो आणि प्रकाश मोजणाऱ्या मीटरला अ‍ॅपर्चर कळतं. जुन्या लेन्सची रिंग सलग, त्यामुळे ती थेट पट्टीवरच आदळते. एफईची पट्टी वर दुमडता येते (एफई२ची नाही, तिथे ही लेन्स लावूच नका!). दुमडली, लेन्स अलगद बसली. आता मीटर पाहताना कॅमेऱ्यावरची डेप्थ ऑफ फील्डची दांडी (लेन्स ठरवलेल्या अ‍ॅपर्चरपर्यंत बंद करणारी) दाबून धरावी लागते. दृश्य अंधारतं, पण एक्स्पोजर बरोबर येतं. एआय लेन्स लावताना पट्टी आठवणीने खाली करा.